कमरेवरचा हात

नायहांचीचा अर्थ मी पहिल्यांदा बनवून सांगितला तेव्हा माझ्यासमोर तीस-पस्तीस मुलं पांढऱ्या कपड्यांत ओळीनं उभी होती आणि त्यांच्या मागं, शाळेच्या कंपाउंडला टेकून, त्यांचे आईबाप. सिडकोतल्या त्या शाळेच्या मैदानावर माझा कराटेचा क्लास भरायचा. रविवार होता. एका मुलाच्या वडिलांनी सहज विचारलं, की सर, आत्ता पोरांनी दोन्ही हात एकदम हलवले, एक वर आणि एक खाली, ते कशासाठी असतं? मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, दोन्ही बाजूंनी दोघं एकदम आले तर एका हातानं एकाला अडवायचं, दुसऱ्या हातानं दुसऱ्याला. त्यांनी समाधानानं मान डोलावली. मुलांनीही ऐकलं. पुढच्या रविवारी तेच मी कुणी न विचारता सांगितलं, आणि वर्षभरात मलाही ते खरं वाटायला लागलं.

काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका. समोर कुणी नसतं, एकट्यानं करायची. नायहांची हा ओकिनावा बेटावरचा जुना काता. त्यात पुढं-मागं जाणं नाही. घोड्यावर बसल्यासारखे पाय फाकवून उभं राहायचं आणि एका सरळ रेषेत आडवं सरकायचं, आधी उजवीकडं, मग डावीकडं, पायावरून पाय ओलांडून. एक हात हवेत कुणाला तरी वळसा घालतो, मग कोपर आपल्याच तळहातावर आपटतं, मग दोन्ही मुठी एकावर एक कमरेशी येतात. मिनिटभरात सगळं संपतं. बघणाऱ्याला त्यात उड्या दिसत नाहीत, लाथा दिसत नाहीत, म्हणून स्पर्धेत तो फारसा कुणी निवडत नाही. माझी मुलं निवडायची, कारण मला तोच सगळ्यात नीट येत होता.

मला तो माझ्या सरांनी शिकवला. ते जुन्या शहरातले, गुलमंडीत एका कापडाच्या दुकानात दिवसभर थान उलगडायचे आणि संध्याकाळी आम्हाला शिकवायचे. त्यांनी स्वतः तो परगावच्या दहा दिवसांच्या शिबिरात घेतला होता. रोज रात्री झोपायच्या आधी वहीत काड्यांची माणसं काढून त्यांनी एकेक हालचाल उतरवून आणली होती. मी त्यांना अर्थ विचारला होता. ते म्हणाले होते, "मतलब मत पूछ बेटा. मेरेकू भी नै मालूम. करते जा." सर गेले तेव्हा ती वही त्यांच्या मुलानं मला दिली. वहीत कुठंही अर्थ लिहिलेला नव्हता. त्यांनी खोटं काही जोडलं नाही, एवढं मला आज दिसतं. तेव्हा मला त्यांची कीव आली होती. आपण क्लास काढला तर सगळं समजावून सांगायचं, असं मी ठरवलं होतं.

जिच्याबद्दल मी हे लिहितोय ती मुलगी क्लासला आली तेव्हा अकरा वर्षांची होती. वडील वाळूजच्या एका कंपनीत शिफ्टला जायचे. उस्मानपुऱ्याच्या पलीकडं, विहाराला लागून त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. तिथून सिडकोपर्यंत ते तिला स्कूटरवर आणायचे, आणि रात्रपाळी करून आलेले असले तर क्लास संपेपर्यंत स्कूटरवर बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचे. पोरगी शांत होती. एकदा दाखवलं की तिला पुन्हा दाखवावं लागत नसे. तिची बैठक इतकी पक्की की मी मागून गुडघ्याला पाय लावून ढकललं तरी हलायची नाही.

प्रश्न मात्र ती विचारायची. बारा-तेरा वर्षांची असेल. दोन्ही हातांच्या त्या हालचालीचा माझा अर्थ ऐकून ती म्हणाली, "पण सर, त्यांनी धरलं तर?"

मी म्हणालो, धरू द्यायचंच नाही. मुलं हसली. तीही हसली आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

पुढच्या काही वर्षांत तिनं काताची पदकं आणली. आधी जिल्ह्याची, मग विभागाची, मग राज्याचं एक. जुन्या प्रमाणपत्रांवर औरंगाबाद छापलेलं आहे, नंतरच्यांवर संभाजीनगर, आणि सगळ्यांवर प्रशिक्षक म्हणून माझी सही. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला त्यात मी तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा आहे. ब्लॅक बेल्ट मीच तिच्या कमरेला बांधला. त्या वेळी कॉलेजांमध्ये मुलींसाठी स्वसंरक्षणाची शिबिरं सुरू झाली होती आणि मला बोलावणी येऊ लागली. मी तिला बरोबर न्यायचो. पैठणला गेलो, दौलताबादच्या शाळेत गेलो, शहरातली कॉलेजं तर बरीच केली. हल्लेखोर मी आणि मुलगी ती. मी मागून यायचो आणि तिचं मनगट धरायचो. धरायचो म्हणजे अंगठा आणि दोन बोटं टेकवायचो. ती वळून हात झटकायची, तो वर-खालीचा ब्लॉक करायची, कोपर मारायची आणि मी धाडकन सतरंजीवर पडायचो. पडण्याचा मी सराव केला होता. मुली टाळ्या वाजवायच्या. माझा विषय निघाला की अजूनही काही प्राध्यापक म्हणतात, तुम्ही पडता लई छान.

पैठणच्या शिबिरानंतर एक गोष्ट घडली. ती तेव्हाच ओळखायला हवी होती. कार्यक्रम संपल्यावर शेतातली कामं करून हात कणखर झालेली एक मुलगी स्टेजजवळ आली आणि म्हणाली, मी धरते, तू सोडव. आमच्या पोरीनं हात पुढं केला. त्या मुलीनं पेंढी धरावी तसं मनगट धरलं. आमच्या पोरीनं शिकवलेलं सगळं केलं. हात सुटला नाही. दोघी हसायला लागल्या, बाकीच्याही हसल्या आणि तेवढ्यावर ते संपलं. परत येताना एस.टी.त ती खिडकीशी बसली होती. मग तिनं मला विचारलं, की तिनं धरलं तेव्हा का नाही सुटलं? मी तिला सांगितलं की त्या मुलीनं चुकीचं धरलं होतं.

हे वाक्य मी उच्चारलं. हल्ला करणाऱ्यानं चुकीचं धरलं. आणि तिनं ते ऐकून घेतलं, कारण मी तिचा सर होतो.

बारावीनंतर तिनं लॅब टेक्निशियनचा कोर्स केला आणि एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला लागली. सकाळी लोकांच्या घरी जाऊन रक्ताचे नमुने घेण्याचं काम तिच्याकडं होतं. साडेसहाला स्कूटी काढायची, पाठीवर थंड ठेवायची पेटी, आणि दहापर्यंत दहा-बारा घरं. क्लासला ती फक्त रविवारी यायची, तेही लहान मुलांना शिकवायला. तिला बघून नवीन मुली यायच्या. त्यांच्या आयांना मी तिच्याकडं बोट दाखवून सांगायचो, ही बघा, पहाटे एकटी गावभर फिरते, हिला भीती नाही.

त्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरी तिनं एका आजींचं रक्त घेतलं. त्यांचा चाळिशीतला मुलगा घरी होता. ती निघाली, अर्धा जिना उतरली, आणि तो मागून आला. डॉक्टरांची चिठ्ठी द्यायची राहिली म्हणाला. वळणावर, जिथं जिना वळतो तिथल्या चौकोनात, त्यानं तिचं उजवं मनगट धरलं आणि दुसरा हात मागून केसांत घातला. पुढचं तिनं मला नंतर सांगितलं तसं लिहितो. तिनं ओरडायच्या आधी काता केला. तसं तिनं ठरवलं नव्हतं, अंगानंच केलं. मोकळा हात वर गेला, खाली गेला, कुणालाच लागला नाही, कारण अडवायला कुणी येतच नव्हतं. तो आलेला होता आणि धरून उभा होता. मग ती शिकवल्याप्रमाणं आडवी सरकली. त्याच्यापासून लांब सरकली. पायाखाली पायरी नव्हती. ती सात-आठ पायऱ्या खाली गेली, पेटीसकट, आणि मनगटाचं हाड मोडलं. खालच्या मजल्यावरचं दार उघडलं. तो वर निघून गेला.

वडिलांनी आणि तिनं पोलीस चौकीत तक्रार दिली. त्या माणसाच्या घरच्यांनी सांगितलं की पोरगी घाईत होती, स्वतःच पाय घसरून पडली. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी आवाज ऐकूनच दार उघडलं होतं, त्याआधीचं त्यांनी काही पाहिलं नव्हतं. आणि मग त्या घरच्यांनी तिचा वर्तमानपत्रातला फोटो शोधून काढला. राज्याचं पदक, ब्लॅक बेल्ट. अशा पोरीला कोण हात लावणार, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यावरून चौकीतून मला फोन आला. फोन करणारा माणूस नीट बोलणारा होता. त्यानं विचारलं, ही तुमची विद्यार्थिनी आहे का. मी सांगितलं, आहे, क्लासमधली सगळ्यात चांगली. ब्लॅक बेल्ट खरा आहे का? मी जरा दुखावलेल्या सुरात म्हणालो, माझ्या क्लासचा बेल्ट विकत मिळत नाही. मग त्यानं विचारलं, की एका माणसानं मनगट धरलं तर अशी मुलगी सुटू शकते का?

मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. बायको कणीक मळत होती. मला मुलगी दिसत नव्हती, मला क्लास दिसत होता, मैदानावरचे आईबाप दिसत होते. मी म्हणालो, "सुटता यायला पाहिजे. आम्ही तेच शिकवतो."

त्यानं आभार मानून फोन ठेवला. त्या तक्रारीचं पुढं काही झालं नाही. माझ्या एका वाक्यानंच तसं झालं असं मी म्हणत नाही. पण ते वाक्य कुठंतरी लिहून घेतलं गेलं आणि ते तिच्या विरोधात गेलं, हे तिच्या वडिलांनी मला नंतर सांगितलं. त्यांनी ते रागानं सांगितलं नाही. ते म्हणाले, "सर, तुम्ही खरंच म्हणलात व्हय तसं?" मी म्हणालो, व्हय.

वडिलांनी हे विचारण्याआधी मी तिला भेटायला घरी गेलो होतो. फळं घेऊन गेलो होतो. हात प्लास्टरमध्ये, कपाळावर टाके. तिच्या आईनं चहा केला. तिनं जिन्यावरचं सगळं मला क्रमानं सांगितलं, कातामधली हालचाल सांगावी तसं, इथं हा हात, तिथं तो हात. शेवटी ती म्हणाली, "सर, त्यानं तर धरलेलं होतं. मग माझा तो हात कुणाला अडवत होता?"

हा प्रश्न तिनं तेराव्या वर्षी विचारला होता, पैठणच्या एस.टी.त विचारला होता, आणि आता तिसऱ्यांदा विचारत होती. मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणालो की नोकरी लागल्यापासून तुझा सराव कमी झाला होता. आठवड्यातून एक दिवस पुरत नाही. तिच्या आईनं माझ्याकडं पाहिलं. मुलीनं मान खाली घातली आणि प्लास्टरच्या कडेचा निघालेला दोरा ओढत बसली. मी दहा मिनिटांनी निघालो.

प्लास्टर निघालं, पण हात सरळ बसला नव्हता. मनगट किंचित बाहेर वळलेलं राहिलं. लॅबनं तिला आत बसायचं काम दिलं. क्लासला ती येईना. मी मुलांना सांगितलं, ताई आजारी आहे.

सहा-सात महिन्यांनी एका रविवारी ती मैदानावर आली. कराटेचे कपडे नव्हते, पंजाबी ड्रेस होता. मुलांनी ताई ताई करून तिला गराडा घातला. ती मला म्हणाली, सर, नायहांची एकदा माझ्याबरोबर हळू करता का, मला काहीतरी दाखवायचंय. मी हो म्हणालो. मला वाटलं, ती परत आली.

ती माझ्यासमोर उभी राहिली आणि उजवा हात पुढं करून म्हणाली, "धरा, सर. खरंच धरा."

मी नेहमीसारखा धरला. ती तशीच उभी राहिली. पुन्हा म्हणाली, खरंच. शेवटी मी तिचं ते वाकडं मनगट पाची बोटांत घट्ट धरलं. तिनं ओढाताण केली नाही. दुसरा हात माझ्या हातावर ठेवला आणि माझी बोटं तिच्या मनगटावर दाबून धरली, म्हणजे मला सोडताही येईना. पायावरून पाय टाकून ती लांब गेली नाही, माझ्या दिशेनं आली, माझ्या अगदी अंगाला लागून. आणि दोन्ही मुठी कमरेशी घेतल्या. काताची तीच हालचाल, जी मी हजारो वेळा केली होती, एकावर एक ठेवलेल्या मुठी. फक्त या वेळी त्या मुठींमध्ये माझा हात होता. माझा खांदा वाकला, तोल गेला, डोकं तिच्या छातीच्या उंचीला आलं. तिचा हात माझ्या डोक्यामागून वळसा घालून गेला आणि कोपर माझ्या गालाशी येऊन थांबलं. मारलं नाही. नुसतं टेकवलं.

"कमरेवरचा हात रिकामा नसतो, सर," ती म्हणाली. "त्यात काहीतरी धरलेलं असतं. सगळा काता धरल्यानंतरचा आहे. मी घरी भिंतीला पाठ लावून करून बघितला. आईला धरायला लावलं. वर-खालीचे ते हात दोघांना अडवायला नाहीतच. एकाचाच हात खाली दाबायचा आणि दुसऱ्या हातानं वर मारायचं."

माझा खांदा दुखत होता. समोर मुलं उभी होती, आणि रविवार असल्यामुळं त्यांचे आईबापही. एका मुलानं विचारलं, सर, हे आपण का नाही करत? मी सरळ उभा राहिलो, कपडे नीट केले आणि म्हणालो, "हा काता नाही. ही मारामारी आहे. काता शिस्तीसाठी असतो."

ती माझ्याकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला सोपं गेलं असतं. तिनं चपला घातल्या, मैदानाला वाकून नमस्कार केला, जसा आम्ही आत-बाहेर येताजाता करतो, आणि गेली. मी मुलांना रांगेत उभं केलं आणि नायहांची मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. तिसऱ्या मोजणीला पस्तीस जणांनी रिकाम्या मुठी कमरेशी घेतल्या. त्या दिवशी मला ते बघवलं नाही, तरी मी शेवटपर्यंत मोजत राहिलो.

घरी जाऊन मी बायकोला म्हणालो, माझा हात धर. तिला वाटलं मला चक्कर येतेय. मी सगळं समजावून सांगितलं, तेव्हा तिनं धुतलेले हात पदराला पुसले आणि धरला. एकेक हालचाल मी तिच्यावर करून पाहिली. हळूहळू, कपाट आणि पलंगाच्या मधल्या जागेत, जिथं पुढं-मागं जायला येतच नाही. प्रत्येक हालचाल बसत होती. जिथं पाय उचलून आपटायचा तिथं समोरच्याचा गुडघा होता. जिथं हात हवेत फिरायचा तिथं मान होती. सरांच्या वहीतल्या काड्यांच्या माणसांसमोर एकेक दुसरं माणूस उभं राहिलं. मी उत्साहात बायकोला सांगत होतो, बघ, हे असं आहे, हे असं. तिनं हात सोडला आणि विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं तुम्हाला माहीतच नव्हतं?"

ती म्हणाली, "आणि तुम्ही त्या पोरीला म्हणालात सराव कमी पडला." हे मीच तिला सांगितलं होतं, त्या दिवशी घरी आल्यावर, पोरांना आजकाल चिकाटी नाही अशा सुरात.

पुढं मी जे केलं ते सगळं उशिरा केलं. चौकीत गेलो. फोन करणारा माणूस बदलून गेला होता. नव्या माणसाला मी सांगितलं की माझं म्हणणं चुकीचं होतं, तिला सुटता येईल असं मी काहीही शिकवलं नव्हतं, ब्लॅक बेल्ट स्पर्धेपुरता होता. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, लेखी द्या. मी बाकावर बसून लिहिलं. लिहिताना लक्षात आलं की माझ्या क्लासबद्दल इतकं खरं मी याआधी कुठंच लिहिलं नव्हतं, कुठल्याच प्रमाणपत्रावर नाही. त्यानं कागद घेतला, वाचला आणि म्हणाला की यानं आता काही होणार नाही, पण ठेवतो.

त्यानंतर एका कॉलेजचं शिबिराचं बोलावणं आलं. मी गेलो. स्टेजवर उभा राहून मुलींना म्हणालो, मी आजवर दाखवत आलो त्यातलं पुष्कळ खोटं होतं. कुणीतरी घट्ट धरल्यावर ते उपयोगी पडत नाही. जे पडतं ते शिकायला महिने लागतात, ते दुखतं, आणि समोरच्यानं खरंच धरावं लागतं. आज एका तासात मी तुम्हाला फक्त एवढंच सांगू शकतो की जिन्यात, बोळात, खोलीत त्याच्यापासून लांब उडी मारू नका, आधी ओरडा. शिबिर ठेवणाऱ्या कॉलेजच्या बाई हातातल्या घड्याळाकडं बघत होत्या. नंतर त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की सर, मुलींचा आत्मविश्वास वाढवायचा होता, तुम्ही तर घाबरवलंत. मला पुन्हा कुणी बोलावलं नाही. आता तिथं दुसरे कुणी जातात. त्यांचे व्हिडिओ मी बघतो. तेही छान पडतात.

मधल्या काळात तिनं विहाराच्या हॉलमध्ये बायकांना शिकवायला सुरुवात केली होती. मला हे तिच्या वडिलांकडून कळलं. घरकाम करणाऱ्या, दवाखान्यात आया म्हणून जाणाऱ्या, एक-दोन कॉलेजच्या मुली, अशा आठ-दहा जणी होत्या. ना बेल्ट, ना पांढरे कपडे. मी एका संध्याकाळी गेलो. दार उघडं होतं. बायका जोडीजोडीनं भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या आणि एकमेकींना खरंच धरत होत्या. कुणी साडीचा पदर खोचलेला, कुणाच्या मनगटावर लाल वळ. ती त्यांच्यामधून फिरत होती आणि सांगत होती, लांब पळू नका, आत शिरा, त्याचा हात तुमच्या कमरेला आणा. ती सांगत होती ते सगळं नायहांची होतं, पण ते नाव तिनं एकदाही घेतलं नाही.

मला बघून ती बाहेर आली. मी तिला चौकीतल्या कागदाचं सांगितलं. शिबिरात काय बोललो तेही सांगितलं. मग म्हणालो, मला तुझ्याकडं शिकायचंय. नाहीतर हल्लेखोर म्हणून उभा राहीन, यांना एक पुरुष लागेलच धरायला.

आत कुणीतरी धडपडून खाली बसलं आणि हसलं. मग ती म्हणाली, "सर, तुम्ही नका येऊ."

मी विचारलं, का.

"तुम्ही धरलं की मला अजून जिन्यावरून पडल्यासारखं होतं," ती म्हणाली. "तुम्ही सोडणार असं वाटतं. आणि या बायकांना तसं वाटून चालणार नाही." मग माझ्याकडं न बघता, "तुम्ही तेव्हा माहीत नाही म्हणला असता तरी चाललं असतं, सर. मी दुसरीकडं शोधलं असतं."

तिनं मला चहाला थांबायला सांगितलं. तिच्या आवाजात जुनं सगळं होतं, मान, अदब, सगळं, फक्त माझ्यासाठी जागा नव्हती. मी थांबलो नाही. शेजारच्या घरातून बाहेर आलेल्या तिच्या वडिलांनी मला गाडीपर्यंत सोडलं आणि गाडी जपून चालवा म्हणाले.

माझा क्लास चालू आहे. मुलं कमी झाली. मी आता त्यांना जोडीनं उभं करतो, मनगट खरंच धरायला लावतो, आणि नायहांचीची एकेक हालचाल एकमेकांवर करायला लावतो. पोरांच्या हातावर वळ उठतात, तेव्हा आया येऊन विचारतात की हे स्पर्धेत विचारतात का. मी सांगतो, नाही, स्पर्धेत बैठक बघतात, कोन बघतात, नजर बघतात. मग पुढच्या महिन्यात ते मूल दुसऱ्या क्लासला जातं. मी अडवत नाही. जे राहतात त्यांच्यातल्या एका मुलीनं मध्यंतरी मला विचारलं की हात असा वळवतात तेव्हा अंगठा आत का ठेवायचा. मी तिला म्हणालो, मला माहीत नाही. तिचा चेहरा पडला. तिला वाटायचं, सरांना सगळं येतं. दुसऱ्या दिवसापासून ती आलेली नाही.